बेळगावच्या सांबरा विमानतळाहून लांबची विमानं कमी होताहेत : दिल्लीकडं जाणाऱ्यांनी आता कशाचा भरवसा धरायचा?

टिळकवाडीची लेक · मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. लांबेल थोडा, पण दोन आठवडे मनात साठलंय.

माझं माहेर टिळकवाडीत, मी नोएडात असते. बाबा ७४ वर्षांचे, आई ६९. आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालीय, पन्नास पावलं चालली की तिला बसावं लागतं. त्यामुळं त्यांना इकडं आणायचं तर थेट विमानानंच, हे आमचं घरात ठरलेलं. मामेभाऊ सांबऱ्याला सोडतो, इथं मी दाराशी उभी असते, मधे फक्त अडीच तासांचं बसणं.

या वेळी तिकीट तीन महिने आधी काढलं. मग एके दिवशी मोबाइलवर निरोप आला की त्या तारखेचं थेट विमान आता नाही, हैदराबादमार्गे जागा दिलीय, मधे साडेचार तास थांबायचं. फोन केला तर पलीकडची मुलगी अगदी नम्रपणे म्हणाली, "मॅडम, त्या दिवसाला मागणी कमी आहे, म्हणून वेळापत्रक बदललं." तिच्यावर राग काढून काय उपयोग होता? पण बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच बोलले, "राहू दे मग, दिवाळीनंतर बघू." हे 'राहू दे' मला झोपू देईना.

बातम्यांतही तेच दिसतंय. मागणी नरमली म्हणून विमान कंपन्या देशातल्या लांब पल्ल्याच्या मार्गांवरची आसनं कमी करताहेत. मुंबई-दिल्लीवर दिवसाच्या पन्नासेक फेऱ्यांतल्या चार गेल्या तर कुणाला कळणारही नाही. आपल्याकडं एक जाते म्हणजे त्या दिवशीचं दारच बंद होतं.

मला कुणाशी भांडायचं नाही, समजून घ्यायचंय. ही 'मागणी' मोजतात कशी? थेट विमान नसेल त्या दिवशी तुम्ही कुठून जाता? वयस्कर माणसांना जोडविमानानं पाठवलंय का कुणी?

तिसऱ्या गेटजवळचा · मंगळवार, रात्री १०.२५

ताई, वयस्कर माणसांचं नंतर सांगतो, आधी मागणीबद्दल बोलतो. ते माझं रोजचं दुखणं आहे.

उद्यमबागेत आमची लहान फाउंड्री आहे. गिऱ्हाईक फरीदाबाद आणि मानेसरचं. लॉटमध्ये रिजेक्शन निघालं की फोन येतो, "उद्या सकाळी लाइनवर या." उद्या म्हणजे उद्याच. गेलो नाही तर पुढची ऑर्डर राजकोटला जाते. रोज विमान असलं की मी सोमवारी जातो, मंगळवारी रात्री घरी परततो. तेच विमान दिवसाआड झालं की सोमवारी गेलेला माणूस बुधवारपर्यंत अडकतो. हॉटेलचं बिल वेगळं, इकडं भट्टी दोन दिवस माझ्याविना.

मग करतो काय? पहाटे अडीचला गाडी काढतो आणि चोर्ला घाटातून गोव्याचं मोपा विमानतळ गाठतो. पावसाळ्यात त्या घाटात धुकं असं असतं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून पांढरी पट्टी शोधतो. तरी जातो, कारण तिथून रोज विमान आहे आणि परतीचंही आहे.

आता हिशोब बघा. सातातले तीन दिवस कापले तर कंपनीला वाटतं, सातातली तीन माणसं गेली. माझ्यासारख्याच्या बाबतीत सातच्या सात जातात, कारण जायचा दिवस जमला तरी यायचा जमत नाही. पुढच्या खेपेला मी सांबऱ्याचं वेळापत्रक उघडूनसुद्धा बघत नाही, सरळ मोपा टाकतो. आणि तिकडं कागदावर येतं, बेळगावात मागणी घटली!

निपाणीकर · मंगळवार, रात्री ११.०५

आम्ही निपाणीची माणसं तर सांबऱ्याच्या मोजणीत कधी आलोच नाही. कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ आम्हाला जवळ. दिल्लीला जायचं तर रात्रीच्या बसनं पुणे, पहाटे तिथलं लोहगाव विमानतळ. बैलहोंगल, कित्तूरची माणसं हुबळी धरतात, खानापूरची गोवा. जिल्हा एक आणि विमानतळ पाच. सगळी माणसं एका ठिकाणी मोजली असती तर आकडा वेगळा दिसला असता.

वडगावचा निवृत्त · बुधवार, सकाळी ७.१५

मी २६ वर्षं विमान कंपन्यांच्या वेळापत्रक विभागात काढली, बेंगळुरात आणि मुंबईत. आता वडगावात घरी असतो. लेकीच्या प्रश्नाचं उत्तर सविस्तर देतो. कडू लागेल, पण खरं सांगतो.

विमान हे फाउंड्रीच्या भट्टीसारखं. थंड पडलं तरी हप्ता चालू. आपल्याकडची बहुतेक विमानं भाड्यानं घेतलेली, भाडं डॉलरमध्ये. रुपया घसरला की काही न करता खर्च वाढतो. त्यामुळं वेळापत्रकवाल्याच्या डोक्यात दिवसभर एकच गोष्ट असते, हे विमान दिवसाचे किती तास हवेत आहे आणि त्या प्रत्येक तासाला किती मिळतंय.

सांबरा ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,४०० किलोमीटर. जाऊन येऊन, मधे माणसं उतरवून-चढवून, एका विमानाचे सहा तास जातात. तेवढ्या वेळात तेच विमान एखाद्या जवळच्या मार्गावर दोनदा जाऊन येतं. लांबच्या मार्गावर इंधनही जास्त, आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधन जळतं. कंपनीच्या एकूण खर्चात इंधनाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास असतो. त्याचे दर दर महिन्याच्या १ तारखेला बदलतात, आणि ते जीएसटीत नाही, प्रत्येक राज्य आपला कर लावतं. दर चढले आणि तिकीट वाढवायला वाव नसला की लांबचा, अर्धवट भरणारा मार्ग सगळ्यात आधी टोचायला लागतो.

आता बेळगावची खरी अडचण. समजा सांबऱ्याहून रोज ९०-१०० माणसं दिल्लीला जाणारी आहेत. हा आकडा मी उदाहरणाला घेतोय. त्यांच्यासाठी योग्य मापाचं विमानच बहुतेक कंपन्यांकडं नाही. पंख्याचं एटीआर ७८ आसनांचं, पण ते पाच-सहाशे किलोमीटरपर्यंत परवडतं, त्यापुढं वेळ फार लागतो. त्याच्या वर थेट १८० आसनांचं एअरबस. मधल्या मापाची एम्ब्राएर, साधारण ७५ आसनांची, आपल्या देशात मोजकीच. म्हणजे शंभर माणसांसाठी १८० आसनं रोज उडवायची, नाहीतर दिवसाआड उडवून दोन दिवसांची माणसं एकात कोंबायची. कंपनी दुसरा मार्ग धरते. तिसऱ्या गेटजवळच्यांनी सांगितलेलं नुकसान तिथंच सुरू होतं. ते म्हणतात ते शंभर टक्के खरं आहे. आम्ही कंपनीत याला गळती म्हणायचो. ती आकड्यात दिसायला सहा महिने लागतात, आणि तोवर विमान दुसरीकडं गेलेलं असतं.

त्यात जून ते सप्टेंबर हा मंदीचा काळ. शाळा सुरू झालेल्या, पाऊस, नंतर पितृपंधरवडा. वेळापत्रकं वर्षातून दोनदा ठरतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी उन्हाळी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हिवाळी. पावसाळ्यातला कमी आकडा बघून हिवाळ्याचं ठरवलं की आपल्यासारखी गावं मार खातात.

टिळकवाडीची लेक · बुधवार, सकाळी ८.५०

काका, एवढं नीट सांगितल्याबद्दल मनापासून आभार. पण एक विचारते, रागावू नका. म्हणजे आम्ही उरलेल्या वेळात उडणाऱ्या विमानाचे प्रवासी? दुसरीकडं नफा दिसेपर्यंतच आमचं?

वडगावचा निवृत्त · बुधवार, सकाळी ९.३०

हो, पोरी. सध्याच्या व्यवस्थेत तसंच आहे. १९९४ पासून एक नियम आहे, मोठ्या महानगरी मार्गांवर उडणाऱ्या कंपनीनं ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान, लक्षद्वीप इथंही ठरावीक प्रमाणात उडायलाच हवं. तिथली विमानं त्या नियमानं टिकली. बेळगावला असं कुठलंही खास संरक्षण नाही.

जुना बेळगावकर, शहापूर · बुधवार, सकाळी ११.२०

२०१८ आठवतंय का कुणाला? लहान गावांच्या विमानांना अनुदान देणाऱ्या केंद्राच्या 'उडान' योजनेचा हुबळीला लाभ मिळाला आणि सांबऱ्याहून उडणारी विमानं एकामागून एक तिकडं गेली. नवी टर्मिनल इमारत १४ सप्टेंबर २०१७ ला उघडलेली. वर्ष व्हायच्या आत तिथं खुर्च्या जास्त आणि माणसं कमी अशी अवस्था. गावानं निवेदनं दिली, व्यापारी रस्त्यावर आले. जानेवारी २०१९ मध्ये उडानच्या तिसऱ्या फेरीत बेळगावचं नाव आलं आणि मग अहमदाबाद, इंदूर, सुरत, नाशिक अशी गावं सांबऱ्याला जोडली गेली. माझा धाकटा भाऊ कापडाच्या व्यापारात आहे. सुरतेला जायचं तर आधी रेल्वेत दोन रात्री जायच्या. पहिल्यांदा विमानानं जाऊन त्याच रात्री घरी जेवायला बसला तेव्हा आईनं त्याची दृष्ट काढली होती.

पण उडानचा आधार तीनच वर्षांचा. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो, योजनेत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ मधल्या ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. मार्च २०२३ मध्ये त्यातले फक्त ५४ उरले होते. अनुदान संपल्यावर विमान टिकावं यासाठी पुढं काय करायचं, याचा विचार कुणी केलेला नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सुरू करताना फुलांचे हार असतात आणि बंद होताना साधी नोटीसही लागत नाही.

शिवाय निवृत्त काका, ते अनुदान लांबच्या अंतराला मिळत नाही ना?

वडगावचा निवृत्त · बुधवार, दुपारी १२.०५

बरोबर. उडानच्या पाचव्या फेरीत अंतराची मर्यादा काढली, पण अनुदानाचा हिशोब ६०० किलोमीटरपर्यंतच धरतात. त्यापुढचं कंपनीनं स्वतःच्या जोरावर न्यायचं. दिल्लीचे आपले १,४००.

सांबऱ्याचा पोरगा · बुधवार, दुपारी १.४०

सगळे सांबरा सांबरा म्हणालेत म्हणून मीबी लिवतो. ही धावपट्टी १९४२ साली ब्रिटिश हवाई दलानं केली. आमचा पणजा त्या कामावर खडी फोडायला होता. १९६१ ला गोवा मोकळा करताना इथनंच विमानं उडाली. पुढं पट्टी वाढवायला सांबरा भागातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. आमचीबी गेली. भात आणि जोंधळा पिकायचा. पैसे मिळाले, न्हाई असं न्हाई, पण बाबा अजून त्या कुंपणाजवळ जाऊन उभं राहतंत.

तवा आमाला सांगितलं होतं, मोठं विमान यायचं तर पट्टी मोठी पायजे. पट्टी झाली २,३०० मीटरची. मोठं विमान आलं. आता म्हणतंत, माणसं न्हाईत. १० मार्च २०२४ ला आणि मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. आमी जमीन दिली ती रिकाम्या इमारतीसाठी न्हाई वो. बाबांनी आजवर विमानात पाय ठेवलेला न्हाई. त्येंचं म्हणणं एकच, रोज एक मोठं विमान उतरताना दिसलं म्हंजे आपली जमीन कामाला लागली.

तिसऱ्या गेटजवळचा · बुधवार, दुपारी २.१०

भावा, हे वाचून गप्प झालो.

खानापूरचा मास्तर · बुधवार, सायंकाळी ५.३०

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. आमच्या पश्चिमेकडच्या वाड्यांत पावसाळ्यात एसटी पोचत नाही, पेशंटला खांद्यावरून आणतात. तिथं राहून मला दिल्लीच्या विमानासाठी सरकारनं पैसे घालावेत हे पटत नाही. कंपनी धंदा करते, तोटा झाला तर जाते. आपण रेल्वे मागावी. सप्टेंबर २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारत बेळगाववरून धावते, पण आठवड्यातून तीनच दिवस. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळूर-बेळगाव वंदे भारत सुरू झाली. ही वाट रुंदावली तर हजारो माणसांची सोय होते. विमानात बसणारी किती?

फौजी, येळ्ळूर · बुधवार, रात्री ८.४५

मास्तर, नमस्कार. तुमच्या शाळेसारख्याच शाळेत शिकलो, तुमचं म्हणणं समजतं. तरी माझं ऐका.

मी मराठा लाइट इन्फंट्रीचा. जम्मूकडं पोस्टिंग. आमचा प्रवास वॉरंटवर रेल्वेनं. जम्मू ते दिल्ली, मग निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस, दीड दिवसानं बेळगाव. रजा तीस दिवसांची असली तर पाच-सहा दिवस डब्यातच जातात. त्याची तक्रार नाही, रेल्वेच आमची.

पण दोन वर्षांमागं पहाटे साडेचारला घरून फोन आला. आबा गेले. साहेबांनी लगेच सोडलं. जम्मूहून पहिलं विमान पकडून दिल्लीला आलो. खिशातले पैसे घातले, किंमत बघितली नाही. नशिबानं त्या दिवशी सांबऱ्याचं थेट विमान होतं. संध्याकाळी येळ्ळूरच्या वेशीत पोचलो तेव्हा माणसं थांबली होती. तोंड बघायला मिळालं. पाणी पाजायला मिळालं.

माझ्या तुकडीतल्या चंदगडच्या पोराचं तसंच झालं, तेव्हा त्या दिवसाचं विमान नव्हतं. तो तिसऱ्या दिवशी पोचला. राख सावडून झाली होती.

आम्ही वर्षातून एकदा विमानात बसतो, कदाचित तेही नाही. आमच्यानं विमान भरणार नाही हे कळतं. पण येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव, कंग्राळी, घराघरातून पोरं फौजेत आहेत. सांबऱ्याला हवाई दलाची प्रशिक्षण शाळा आहे, कॅम्पात आमचं सेंटर आहे, देशभरातली पोरं इथं येतात. त्यांच्या आई-वडिलांना शपथविधी बघायला यायचं असतं. तेही मोजा.

खानापूरचा मास्तर · बुधवार, रात्री ९.२०

दादा, माझं म्हणणं मागं घेत नाही, पण 'किती माणसं' हा प्रश्न मी चुकीच्या ठिकाणी विचारला. माफ करा.

सदाशिवनगरची डॉक्टर · बुधवार, रात्री १०.३०

पेशंटची बाजू सांगते. इथं मोठी इस्पितळं आहेत, पण काही दुर्मीळ आजारांसाठी दिल्लीला एम्सला पाठवावं लागतं. हिमोग्लोबिन फार कमी असलेला किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला पेशंट मी जोडविमानानं पाठवत नाही. मधल्या विमानतळावरची चाल, थांबणं, दुसऱ्यांदा चढणं, त्यातच तो निम्मा खचतो. लेक ताई, आईंसाठी सांगते : तिकीट काढतानाच चाकाच्या खुर्चीची नोंद करा, निघण्याच्या किमान ४८ तास आधी फोन करून खात्री करा, आणि हैदराबादला मधे थांबणं अटळ असेल तर दर तासाला पाय हलवायला सांगा. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून. त्यांची औषधं हातातल्या पिशवीत, सामानात नको.

टिळकवाडीची लेक · बुधवार, रात्री ११.००

डॉक्टर ताई, हे लिहून आईला पाठवलं. तिनं उत्तर दिलं, "त्या डॉक्टरीणबाई कुणाच्या कोण, त्यांना विचार." बेळगावात सगळ्यांची ओळख 'कुणाच्या कोण' यावरून सुरू होते, तेवढं समजून घ्या.

चिकोडीचा वकील · गुरुवार, सकाळी १०.१०

कायद्याचं थोडक्यात, कारण बऱ्याच जणांना हक्क माहीत नसतात. विमान कंपनीनं उड्डाण रद्द केलं तर पर्यायी विमान घ्यायचं की पूर्ण पैसे परत घ्यायचे, ही निवड प्रवाशाची, कंपनीची नाही. जोडविमान मान्य नसेल तर स्पष्ट नाही म्हणा. पैसे परत मिळतात, कापून नव्हे, पूर्ण. दोन आठवडे आधी कळवलेलं असेल तर वेगळी भरपाई नाही. वेळेत कळवलंच नाही तर उड्डाणाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये, किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यातलं जे कमी असेल ते. हवामान किंवा सुरक्षेचं कारण असेल तर ही भरपाई लागू नाही. दाद लागली नाही तर केंद्राच्या 'एअरसेवा' पोर्टलवर तक्रार करा, आलेला निरोप जपून ठेवा.

यात एक उणीव आहे, ती सांगितलीच पाहिजे. परत मिळतं ते जुनं भाडं. त्याच तारखेला दुसरं तिकीट काढायला गेलात तर दुपटीनं द्यावं लागतं. नोव्हेंबर २०२५ पासून वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पूर्ण लागू झाले आणि डिसेंबरात एका मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणं देशभर रद्द झाली, तेव्हा सरकारनं भाड्याला कमाल मर्यादा घातली. १,००० ते १,५०० किलोमीटरला १५,००० रुपये, म्हणजे आपली दिल्ली त्यात. तशी मर्यादा एरवी नसते. ते दिवस बेळगावच्या सुवर्णसौधातल्या कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचेही होते, तेव्हा आमदारांनाही विमान नसणं म्हणजे काय ते कळलं असेल.

जुना बेळगावकर, शहापूर · गुरुवार, सकाळी ११.४५

तिकडं महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये सोलापूर-मुंबई विमानासाठी स्वतःच्या तिजोरीतून तोटा भरून द्यायचं ठरवलं आणि विमान सुरूही झालं. आपण सीमेवरची माणसं. मुंबई आपल्याला मोजत नाही, बेंगळूर आपल्याला लांबून बघतं. पण मागायचं कुणाकडं तरी लागेलच, आणि कर आपण बेंगळुरात भरतो. इथल्या व्यापारी संघटनांनी, कारखानदारांनी, इस्पितळांनी मिळून वर्षाला अमुक जागा आम्ही घेतो असं लिहून दिलं तर कंपनीसमोर बसायला काहीतरी हातात असेल. निवृत्त काका, असं चालतं का?

वडगावचा निवृत्त · गुरुवार, दुपारी १२.३०

चालतं. आमच्या टेबलावर निवेदनांचा गठ्ठा यायचा, तो आम्ही बाजूला ठेवायचो. 'आमच्या भागावर अन्याय' हे वाचून विमान हलत नाही. पण एकदा एका गावानं वर्षभराची यादी आणून दिली होती : कुठल्या दिवशी, किती माणसं, कुठून, कुठं, आणि इथलं विमान नव्हतं म्हणून कुठल्या विमानतळावरून गेली. ती आम्ही तीन दिवस चाळली. कारण आमच्याकडं फक्त तिकीट काढलेल्यांचा आकडा असतो. मोप्याला, लोहगावला, हुबळीला गेलेला बेळगावकर आम्हाला दिसतच नाही, तो त्या गावचा म्हणून मोजला जातो.

आणि एक मागणं धरा, दिवस कमी करायचेच असतील तर कुठले दिवस ते गावाला विचारून करा. सोमवार, मंगळवार, शुक्रवार, रविवार राहिले तर फाउंड्रीवाला तगतो आणि शनिवार-रविवारी येणारी लेकही येते. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शनिवार राहिले तर दोघंही गेले. आसनं तेवढीच, पण माणसं निम्मी.

तिसऱ्या गेटजवळचा · गुरुवार, दुपारी १२.५०

मग ती यादी इथंच सुरू करू. गेल्या वर्षभरातला प्रत्येक लांबचा प्रवास. गाव, माणसं, कुठं, हवा होता तो वार, आणि प्रत्यक्ष कुठून गेलात. नावं, फोन नंबर कुणी टाकू नका. महिनाअखेर मी तक्ता करून व्यापारी संघटनेकडं देतो. माझ्यापासून :

उद्यमबाग. १ माणूस. फरीदाबाद. वर्षात ११ वेळा. सोमवार जाणं, मंगळवार येणं. ४ वेळा सांबरा, ७ वेळा मोपा.

निपाणीकर · गुरुवार, दुपारी १.१५

निपाणी. ४ जण, लग्नाला. लखनौ, दिल्लीवरून. शुक्रवार. लोहगावहून गेलो.

सदाशिवनगरची डॉक्टर · गुरुवार, दुपारी ३.००

पेशंट आणि सोबत एक नातेवाईक, अशा ६ जोड्या. दिल्ली, एम्स. वार इस्पितळाच्या तारखेवर, बहुतेक सोमवार-मंगळवार. २ जोड्या सांबऱ्याहून, ३ गोव्याहून. एका जोडीनं जाणंच टाळलं.

फौजी, येळ्ळूर · गुरुवार, सायंकाळी ७.२०

येळ्ळूर. १. जम्मू, दिल्लीवरून. वार सांगता येत नाही, रजा मंजूर होईल तो. रेल्वेनं.

सांबऱ्याचा पोरगा · गुरुवार, रात्री ८.००

सांबरा. २ जण, बाबा आणि मी. दिल्ली बघायला. वार कुठलाबी चालतोय. अजून गेलो न्हाई, पण लिवून घ्या.

टिळकवाडीची लेक · गुरुवार, रात्री ९.१५

टिळकवाडी. २ जण, ७४ आणि ६९. दिल्ली. बुधवार होता, रद्द झाला, पैसे परत घेतले. मी शुक्रवारी रात्री रजा टाकून निघतेय, बेंगळूरवरून बेळगाव. सोमवारच्या थेट विमानाची तीन तिकिटं काढलीत, आई खिडकीशी, मी मधे, बाबा कडेला.

सांबऱ्याचा पोरगा · गुरुवार, रात्री ९.३०

ताई, सोमवारी कुंपणाजवळ बाबा असतील. पांढरं मुंडासं. खिडकीतनं दिसलं तर आईंना दाखवा.

जांबोटी · गुरुवार, रात्री १०.०५

जांबोटी. ३ जण. चंदीगड, दिल्लीवरून. गुरुवार. मोप्याहून गेलो.